बोनस म्हणजे सोनपापडी नव्हे!

२०२४ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. भाऊबीज होऊन आठवडा झाला होता. भाताची कापणी उरकत आली होती आणि आमच्या बचत गटाची महिन्याची बैठक माझ्या ओटीवर भरली होती. फराळाचे डबे अजून रिकामे व्हायचे होते, म्हणून मी चहाबरोबर चिवडा ठेवला. तेवढ्यात गटातल्या एकीने पिशवीतून सोनपापडीचा खोका काढला आणि सगळ्यांपुढे धरला. "घ्या गं, आमचा बोनस खा!"

सगळ्या हसल्या. ती मात्र हसली नाही. आमच्या म्हशाहून रोज एसटीने नाहीतर जीपने मुरबाडच्या एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या ज्या बायका आहेत, त्यांतली ती एक. पॅकिंगच्या खात्यात सहा वर्षं झाली तिला. तिच्यासारख्या आमच्या गावच्या आणि आसपासच्या पाड्यांवरच्या मिळून चौदा जणी त्याच कारखान्यात ठेकेदाराकडे आहेत. दिवाळीला प्रत्येकीला सोनपापडीचा एक खोका आणि पाकिटात पाचशे रुपये मिळाले होते. आतल्या कायम कामगारांना मात्र पगाराएवढी रक्कम बँकेत जमा झाली होती.

"ताई, तुम्ही शिकलेल्या. मला सांगा, बोनस म्हणजे नक्की काय असतं? खुशीने देतात तो, की द्यावाच लागतो?"

खरं सांगू का मैत्रिणींनो, मला उत्तर देता आलं नाही. बी.ए. झालेली मी, वीस वर्षं गावात बायकांची कामं करते, तहसीलच्या पायऱ्या झिजवते. पण हा रोजच्या तोंडातला शब्द. त्याचा अर्थ मी कधी कुणाला विचारलाच नव्हता. "बघून सांगते," म्हटलं आणि विषय बदलला. रात्री झोप लागेना. तिने साधा प्रश्न विचारला होता, पण त्यात चौदा घरांचे पैसे अडकलेले होते.

शब्द कुठून आला?

आधी शब्दकोश काढला. 'बोनस' हा मूळ लॅटिन शब्द. त्याचा अर्थ अगदी साधा, 'चांगला'. फ्रेंच लोक 'बाँजूर' म्हणतात ना, त्यातला 'बाँ' याच घरातला. अठराव्या शतकात लंडनच्या शेअर बाजारातली मंडळी ठरल्यापेक्षा जास्त हाती पडणाऱ्या पैशाला 'बोनस' म्हणू लागली, असं कोशकार सांगतात. म्हणजे ठरलेलं ते मिळालंच, वर आणखी काही चांगलं पदरात पडलं. भाजीवाली मावशी मेथीच्या जुडीवर चार काड्या कोथिंबीर टाकते, तसं.

आपल्या भाषेतही अशा वरकड पैशाला शब्दांची कमी नाही. बक्षीस हा फारसीतून आलेला शब्द, देणाऱ्याच्या मर्जीचा. दिवाळीत पोस्टमन, लाइनमन दारात यायचे ते 'पोस्त' मागायला. पोस्त किती द्यायची ते घरधनी ठरवणार. कमी दिली तर मागणारा मनात कुरकुरेल, पण भांडू शकणार नाही. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीपर्यंत आमच्याकडे सासूबाई दिवाळीच्या आधी सुटे पैसे जमवून ठेवायच्या, ते या पोस्तीसाठी.

पण आपल्याच गावगाड्यात दुसरीही एक रीत होती. सुतार, लोहार, कुंभार वर्षभर गावाची कामं करायचे आणि सुगीला खळ्यावर येऊन आपलं बलुतं न्यायचे. त्या पद्धतीत जातीचा जाच होता, अन्याय होता, तो विसरून चालणार नाही. तरी बलुतं नेणारा त्याला भीक म्हणत नव्हता. तो वाटा होता, वर्षभराच्या कामाचा. धान्य घरात जायच्या आधी खळ्यावरच तो मोजून द्यायचा.

मग बोनस हा पोस्तीच्या जातीचा की खळ्यावरच्या वाट्याच्या? याचं उत्तर शब्दकोशात नाही मिळत. ते मिळतं मुंबईच्या गिरणगावात.

व्हॉट्सअ‍ॅपवरची कथा आणि खरी कथा

दिवाळी आली की आपल्या मोबाइलवर एक मेसेज फिरतो. तुम्हीही वाचला असेल. पूर्वी म्हणे आठवड्याला पगार मिळायचा. वर्षाचे आठवडे बावन्न, चार-चार आठवड्यांचे महिने केले तर तेरा होतात. इंग्रजांनी महिन्याचा पगार सुरू करून बारावरच भागवलं आणि तो बुडालेला तेरावा पगार म्हणजे दिवाळीचा बोनस. हिशोब ऐकायला इतका गोड आहे की मीही तो दोन ग्रुपवर पुढे पाठवला होता! पण जुन्या नोंदी वाचल्या तेव्हा लक्षात आलं, की मुंबईची गोष्ट अशी घडलेलीच नाही.

आपल्या ठाण्यात जन्मलेले नारायण मेघाजी लोखंडे हे भारतातल्या कामगार चळवळीचे जनक. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांच्या ज्या मागण्या मांडल्या, त्यांत रविवारची सुट्टी होती, दुपारी अर्धा तास विश्रांती होती आणि आणखी एक मागणी होती, की मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत तरी हातात पडावा. म्हणजे मुंबईच्या गिरण्यांत महिन्याचाच पगार होता, आणि तोही उशिरा मिळायचा. तोवर उधारीवर घर चालवायचं. त्या मागण्यांत बोनसचं नावही नाही.

बोनस आला पहिल्या महायुद्धात. कापडाला सोन्याचा भाव आला, गिरण्यांनी भरपूर नफा कमावला. इकडे धान्य, रॉकेल, कपडा सगळंच महागलं. १९१७ साली मालकांनी पगारावर १० टक्के 'वॉर बोनस' दिला. पगार वाढवला तर तो कायमचा वाढतो. बोनस काय, आज दिला, उद्या बंद करता येतो! पुढे युद्ध संपल्यावर काही वर्षं नफ्यातून वर्षाकाठी एका महिन्याच्या पगाराइतका बोनस मिळत राहिला. कामगारांनी तो धरूनच संसाराची गणितं बसवली. गावची देणी त्यावर फिटायची.

आणि १९२३ सालचा बोनस मालकांनी नाकारला. धंदा मंदावला, नफा नाही, तर बोनसही नाही. १९२४ च्या जानेवारीत गिरण्या बंद पडल्या. दीड लाखाच्या वर कामगार जवळजवळ दोन महिने संपावर होते. त्या काळात गिरणीत दर पाच कामगारांमागे साधारण एक बाई असे. सूत गुंडाळण्याच्या, कांड्या भरण्याच्या खात्यांत तर बायकाच जास्त. चूल त्यांचीच, भूकही त्यांनीच सांभाळायची.

सरकारने समिती नेमली. मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लाउड तिचे अध्यक्ष. समितीने सांगितलं, बोनसवर कामगारांचा रूढीने, कायद्याने किंवा न्यायबुद्धीने कसलाच हक्क नाही. मालकाने दिला तर घ्या. म्हणजे थोडक्यात, बोनस ही पोस्त आहे. कामगार हात हलवत कामावर परतले.

मी हे वाचलं तेव्हा मला आमच्या पॅकिंगवालीचा चेहरा आठवला. शंभर वर्षांनीही तोच प्रश्न. खुशीने देतात, की द्यावाच लागतो?

पोस्तीचा वाटा कसा झाला?

त्यानंतरची पन्नास वर्षं कामगारांनी हा प्रश्न सोडला नाही. उषाताई डांगे, पार्वतीबाई भोर अशा बायकांनी गिरणीतल्या बायकांना संघटित केलं, मोर्चे काढले. १९५० साली मुंबईच्या दोन लाखांवर गिरणी कामगारांनी बोनससाठी पुन्हा संप केला, तब्बल ६३ दिवस. तोही मोडला. पण त्याच वर्षी कामगारांच्या अपील न्यायाधिकरणाने बोनसचं एक सूत्र ठरवून दिलं. गिरणीच्या नफ्यातून आधी यंत्रांची झीज काढा, नवीन यंत्रांसाठी ठेवा, भांडवल घालणाऱ्याला व्याजासारखा परतावा द्या आणि मग जे उरेल त्यात कामगाराचा वाटा. आपण बचत गटाचा वर्षाचा हिशोब करतो ना, कर्ज, व्याज, खर्च वजा करून उरलेलं वाटतो, तसंच.

१९५५ साली सुप्रीम कोर्टानेही कानपूरच्या एका गिरणीच्या खटल्यात सांगून टाकलं, की बोनस ही मालकाने मर्जीने दिलेली भेट नव्हे. तो मागे ठेवलेला पगार आहे असंही कोर्टाने मानलं नाही. नफा झाला असेल आणि कामगाराचं वेतन सुखाने जगण्याइतकं नसेल, तर त्या नफ्यातला तो वाटा आहे, असं म्हटलं. कामगार संघटना मात्र म्हणत राहिल्या, की हा आमचा मागे राहिलेला पगारच आहे.

१९६१ साली सरकारने एम. आर. मेहेर यांच्या अध्यक्षतेखाली बोनस आयोग नेमला. त्यातून २५ सप्टेंबर १९६५ ला बोनसचा कायदा झाला. नफा असो वा तोटा, किमान ४ टक्के बोनस. १९७२ साली ते ८.३३ टक्के झाले. हा विचित्र आकडा कुठून आला, असं मला नेहमी वाटायचं. शंभराला बाराने भागा, ८.३३ येतात! म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, सरळ एका महिन्याचा पगार. व्हॉट्सअ‍ॅपवाल्यांचा तेरावा पगार हिशोबाला बरोबर आहे, फक्त तो इंग्रजांच्या कॅलेंडरातून पडला नाही, माणसांनी उपाशी राहून मिळवला.

मिळवलेलं कायम राहतंच असंही नाही. आणीबाणीत १९७५ साली सरकारने किमान बोनस पुन्हा ४ टक्क्यांवर आणला. १९७७ ला सरकार बदललं तेव्हा ८.३३ परत आले.

माझे चुलत सासरे, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, परळच्या एका गिरणीत वीस वर्षं साच्यावर होते. आता ऐंशी उलटलीय. मी त्यांना विचारलं, "आप्पा, तुमच्या वेळेस बोनस कसा असायचा?" म्हातारा खुलला. "अगं, बोनस झाला की लालबागची दुकानं रात्री उशिरापर्यंत उघडी. या घरावरची कौलं बोनसची. तुझ्या नणंदेच्या कानातली फुलं बोनसची." मग जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "आणि आमची गिरणी गेली तीबी बोनसपायीच."

खोटं नव्हतं ते. १९८१ च्या दिवाळीच्या तोंडावर बोनसचे आकडे जाहीर झाले, ८.३३ पासून १७.३३ टक्क्यांपर्यंत. गिरणीगणिक वेगळा आकडा. ज्यांना कमी मिळाला ते भडकले, आपली मान्यताप्राप्त युनियन सोडून डॉ. दत्ता सामंतांकडे गेले. पुढे पगारवाढ, बदली कामगारांचे प्रश्न त्यात मिळाले आणि १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही. आप्पा १९८३ ला ट्रंक घेऊन म्हशाला परत आले ते आलेच.

नाव बदललं की हक्क बदलतो

हे सगळं समजून घेताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. दिवाळीला मिळणाऱ्या पैशाला सरकारदरबारी वेगवेगळी नावं आहेत, आणि नावात बरंच काही असतं.

आपल्या आसनगाव, वासिंद, कसारा भागात रेल्वेत नोकरी असलेली कितीतरी घरं आहेत. रेल्वेवाल्यांना मिळतो तो 'उत्पादकतेशी निगडित बोनस'. गेली कित्येक वर्षं तो ७८ दिवसांचा आहे. आपल्याला वाटतं, केवढे पैसे! पण हिशोब महिना ७,००० रुपये धरूनच होतो, त्यामुळे जास्तीत जास्त १७,९५१ रुपये.

महापालिकेत, एसटीत मिळतं त्याला म्हणतात 'सानुग्रह अनुदान'. अनुग्रह म्हणजे कृपा. १९६५ च्या कायद्याने महापालिका आणि सरकारी खाती बोनसमधून वगळली होती, म्हणून मुंबई महापालिकेच्या कर्मचाऱ्यांसाठी दरवर्षी आकडा वेगळा जाहीर व्हावा लागतो आणि दरवर्षी युनियनला त्यासाठी भांडावं लागतं.

आणि आपल्या अंगणवाडी सेविका, मदतनीस? त्यांना मिळते 'भाऊबीज भेट', २,००० रुपये. नाव किती गोड! पण भावाने ओवाळणीत काय टाकलं ते बहीण मोजत नाही, कमी पडलं तरी बोलत नाही. सेविकेला महिन्याला मिळतं त्यालाही पगार म्हणत नाहीत, 'मानधन' म्हणतात. शब्दात मान आहे, धन आहे; पण पगार म्हटलं की जे हक्क मागोमाग येतात, ते त्यात नाहीत. आमच्या गावची सेविका एकदा म्हणाली, "ताई, मला भाऊ आहे. सरकारने मालक व्हावं."

वीटभट्टीवर जाणाऱ्या आपल्या कातकरी भगिनींचं तर उलटंच. त्यांच्या वाट्याला दिवाळीच्या सुमारास येते ती 'उचल'. काम करायच्या आधीच घेतलेले पैसे. पावसाच्या तोंडावर भट्टी बंद होते तेव्हा हिशोब होतो आणि बरेचदा अंगावरच काही बाकी निघते. त्यांच्या मुलांना बोनस हा शब्द शाळेच्या पुस्तकातही भेटत नसेल.

चौदा जणींचा अर्ज

तर पुढच्या बैठकीत मी माझ्या पॅकिंगवालीला उत्तर दिलं. "बाई गं, द्यावाच लागतो." कारखाना कायद्यात बसत असेल, वर्षात ३० दिवस काम केलेलं असेल आणि पगार ठरलेल्या मर्यादेच्या आत असेल, तर ठेकेदाराकडच्या कामगारालाही बोनस आहे. कायम असण्याची अट त्यात कुठेच नाही.

पण हक्क आहे म्हणजे पैसे हातात पडले असं होत नाही. ठेकेदार म्हणाला, "तुम्ही पर्मनंट नाही." मग म्हणाला, "तुमच्या हजेरीचं रजिस्टर बघावं लागेल." पगाराची चिठ्ठी एकीकडेही नव्हती. नऊ जणींचा पगार बँकेत यायचा, त्यांची पासबुकं आम्ही भरून आणली. पाच जणींना रोख मिळायचा, त्यांच्याकडे काहीच नाही. त्यांतल्या एकीने मात्र मुलाच्या जुन्या वहीत रोजची रेघ मारून ठेवली होती. गेला दिवस की एक उभी रेघ, खाडा झाला की गोल. लिहिता न येणाऱ्या बाईचं ते हजेरीपुस्तक बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

चौदा सह्या-अंगठ्यांचा अर्ज केला. एक प्रत ठेकेदाराला, एक कारखान्याच्या ऑफिसात, एक ठाण्याला कामगार आयुक्तांच्या कार्यालयात. अर्ज गेल्यावर आठवड्याने अर्जात पहिली सही असलेल्या बाईला सांगण्यात आलं, उद्यापासून येऊ नकोस. तिच्या नवऱ्याने मला रस्त्यात अडवून ऐकवलं, "ताई, तुमच्या बोनसपायी घरातला पगार गेला." मी काय बोलणार? खाली मान घालून ऐकून घेतलं. बाकीच्या तेरा जणी दुसऱ्या दिवशी गेटवर उभ्या राहिल्या, आत गेल्याच नाहीत. तिसऱ्या दिवशी तिला परत घेतलं.

मग हेलपाटे. उन्हाळा गेला, लावणी गेली. २०२५ च्या दिवाळीच्या चार दिवस आधी नऊ जणींच्या खात्यावर बोनस जमा झाला. कुणाला सहा हजार, कुणाला आठ. रेघांच्या वहीवालीलाही मिळाला, कारण सुपरवायझरने तिची वही आपल्या रजिस्टरशी ताडून बघितली. उरलेल्या चौघींना मिळाला नाही. त्यांचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं. सगळ्या जिंकल्या, असं मला लिहिता आलं असतं तर बरं वाटलं असतं. पण त्या चौघींनी आता बँकेत खाती काढली आहेत आणि पगार तिथेच घालायला लावला आहे, एवढं सांगते.

माझी स्वतःची चूक

हे सगळं चाललं असताना माझी मलाच लाज वाटावी अशी एक गोष्ट घडली. माझ्याकडे एक मावशी गेली अकरा वर्षं भांडी-धुणं करते. दर दिवाळीला मी तिला एक साडी आणि फराळाचा डबा द्यायची आणि खर्चाच्या डायरीत लिहायची, 'मावशींचा बोनस'. त्या बायकांना अर्ज लिहून देताना ती शेजारी बसून ऐकत होती. उठताना म्हणाली, "ताई, एक बोलू? मला दरसाली साडी नको. पैसं द्याल तर बरं."

घरकाम करणाऱ्या बाईला बोनसचा कायदा लागू नाही. पण पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप केला, संघटना बांधली, आणि दिवाळीला एका महिन्याचा पगार ही रीत शहरांतल्या पुष्कळ घरांनी आपणहून मानली. मग मी कारखान्याच्या ठेकेदाराला कायदा शिकवायचा आणि माझ्या ओट्यावर सोनपापडी वाटायची, हे कसं चालेल?

२०२५ च्या दिवाळीत मी तिला महिन्याच्या पगाराइतके पैसे दिले. आधी साडी घ्यायची तेव्हा ती पिशवी न उघडता काखेत मारायची आणि "कशाला हो ताई," म्हणायची. या वेळी तिने माझ्यासमोर नोटा मोजल्या. दोनदा मोजल्या. आणि "बरोबर हाय" म्हणून कनवटीला लावल्या.

धर्माच्या गाईचे दात बघू नयेत, असं आपल्याकडे म्हणतात. पण आमच्या म्हशाच्या जत्रेत पौष पौर्णिमेला बैलबाजार भरतो, तिथे या कधी. आपल्या कष्टाच्या पैशाने बैल घेणारा शेतकरी त्याचं तोंड उघडून एक एक दात बघतो आणि त्याचं कुणाला वाईट वाटत नाही. बोनस हा आपल्या घामाचा बैल आहे बायांनो. त्याचे दात मोजून घ्या.

हे लक्षात ठेवा

• २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९६५ च्या कायद्याची जागा नव्या वेतन संहितेने घेतली आहे. बोनस त्यातही आहे: किमान ८.३३ टक्के, जास्तीत जास्त २० टक्के.

• जिथे २० किंवा जास्त माणसं कामाला आहेत तिथे तो लागू होतो. वर्षात किमान ३० दिवस काम केलेलं हवं. पगाराची वरची मर्यादा सरकार ठरवतं. जुन्या कायद्यात ती २०१५ च्या दुरुस्तीने महिना २१,००० रुपये झाली होती.

• हिशोब सोपा आहे. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून महिना १२,००० धरला, तर वर्षाचे १,४४,०००. त्याचे ८.३३ टक्के म्हणजे ११,९९५ रुपये. मात्र बोनस किती पगारावर मोजायचा यालाही मर्यादा असते. २०१५ च्या दुरुस्तीने ती महिना ७,००० रुपये किंवा त्या कामाचं किमान वेतन, यातलं जे जास्त ते, अशी होती.

• कारखाना नवा असेल, तर पहिली पाच वर्षं ज्या वर्षी नफा होईल त्याच वर्षी बोनस.

• हिशोबाचं वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांच्या आत बोनस द्यायचा असतो. ३१ मार्चला वर्ष संपलं तर ३० नोव्हेंबरपर्यंत. दिवाळी त्याच्या आत येते, म्हणून दिवाळीला मिळतो. पैसे बँक खात्यात जमा व्हायला हवेत.

• चोरी, फसवणूक, मारहाण अशा कारणाने कामावरून काढलेल्याचा बोनस जातो. नव्या कायद्यात आणखी एक भर आहे. लैंगिक छळाचा गुन्हा सिद्ध झाल्यावरून काढलेल्याचाही जातो. ही गोष्ट कामावरच्या मैत्रिणींना जरूर सांगा.

• पगार बँकेत घ्या, चिठ्ठी मागा, आणि काही नाही मिळालं तर वहीत रोजची एक रेघ मारा. आमच्या एका बहिणीच्या कामाला ती रेघच आली.